खिशातल्या जुन्या बहुपयोगी चाकूचं वय कसं काढायचं

जुन्या बाजारात घेतलेल्या किंवा आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या घडीच्या चाकूचा फोटो पाठवून लोक विचारतात, "किती जुना असेल?" बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. चाकूवर व्हिक्टोरिनॉक्सचं नाव दिसतं, ही स्विस कंपनी 1884 साली सुरू झाल्याचं कुठेतरी वाचलेलं असतं, आणि चाकू सव्वाशेहून जास्त वर्षांचा ठरतो. कोणी पेटंट नंबर शोधून त्याचं साल चाकूला चिकटवतं. दोन्ही पद्धती चूक आहेत. कंपनीचं साल कंपनीचं असतं, आणि पेटंटचा नंबर तर पेटंट मिळाल्यावर पुढे कित्येक वर्षं ठोकला जातो.

वय काढण्याचा नियम एकच आहे आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आधाराने चालतात: चाकूवरची सगळ्यात नवी गोष्ट शोधा. चाकू तिच्याहून जुना असू शकत नाही. मग तो कोणत्या सालानंतरचा नाही, हे सांगणारी खूण शोधा. पहिलं साल म्हणजे खालचं टोक, दुसरं म्हणजे वरचं टोक, आणि या दोन सालांच्या मधला काळ हेच तुमचं उत्तर. मधला काळ वीस वर्षांचा निघाला तर वीस वर्षांचाच लिहायचा.

## 1. साफसफाईला हात लावण्याआधी

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. चाकू घरी आला की चिंच, लिंबू, राख किंवा पितळेची पॉलिश घेऊन घासायला बसू नका. देवघरातल्या समईला चिंच चालते, चाकूला नाही. आंबट पाणी पात्यांच्या मधल्या फटीत आणि रिबिटांच्या मुळाशी उतरतं, तिथून ते पुसता येत नाही आणि आतून गंज धरतो. घासकागदाने तर ठसेच जातात. माझ्याकडचा एक लष्करी चाकू मी सुरुवातीच्या उत्साहात चकचकीत केला. सालाचे पहिले दोन आकडे राहिले, शेवटचे दोन घासले गेले. आता त्याच्या नोंदीत "19—" एवढंच लिहिता येतं, आणि ते दर वेळी वाचताना वाईट वाटतं.

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: सोनार वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी बॅटरी, व्हर्नियर (नसेल तर मिलिमीटरची स्टीलची पट्टी), बांबूच्या काड्या, सुती कापड, शिलाई मशीनचं तेल आणि वही.

चाकू मिळाला त्याच स्थितीत बंद, उघडा, दोन्ही बाजूंनी आणि पाठीकडून असे फोटो काढून ठेवा. कोणाकडून आणि कुठे मिळाला, ते त्याच दिवशी लिहा. आठवणीवर सोडलेली ही माहिती नंतर परत येत नाही.

इशारा: मुठीच्या पाट्या हस्तिदंती वाटत असतील तर खरेदी करूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. जुन्या इंग्लिश चाकूंच्या मुठींना भारतातून गेलेलं सांबरशिंगही भरपूर वापरलेलं आहे, आणि सांबरही संरक्षित प्राणी आहे. वस्तू जुनी आहे म्हणून विक्री चालते, हा समज खोटा आहे.

## 2. अडकलेला चाकू उघडणं

पकडीने पातं ओढू नका. नखाच्या खाचेजवळ पातं मुरगळतं किंवा त्यावर दातऱ्यांचे व्रण उठतात. प्रत्येक सांध्यावर मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाका, चाकू कापडावर उभा ठेवा आणि रात्रभर विसरा. सकाळी जुनं प्लॅस्टिकचं कार्ड नखाच्या खाचेत घालून हळू उचला. पातं थोडं हलू लागलं की परत मिटा, परत तेल, परत उचला. घाई केली तर स्प्रिंग अचानक सुटते आणि बोटं धारेखाली येतात, म्हणून दुसरा हात नेहमी चाकूच्या पाठीकडे असू द्या.

एका वेळी एकच अवजार उघडा. समोरासमोरची दोन उघडली की पाठीच्या एकाच स्प्रिंगवर दोघांचा ताण येतो, आणि जुनी गंजकी स्प्रिंग तिथेच तडकते.

## 3. ठसे वाचणं

ठसे मुख्यतः टँगवर असतात. टँग म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा, धार नसलेला चौकोनी भाग. लोक मोठ्या पात्याची पुढची बाजू वाचतात आणि थांबतात. तसं करू नका. प्रत्येक अवजाराच्या टँगच्या दोन्ही बाजू बघा. लहान पातं, डबा फोडायची चोच, आरी, करवत, सगळं. कितीतरी वेळा नाव एका पात्यावर, देश दुसऱ्यावर आणि साल मागच्या बाजूला असतं.

बॅटरी वरून मारली की पुसट ठसा नाहीसा होतो. खोलीत अंधार करा, बॅटरी पात्याला जवळजवळ टेकवून आडवी धरा आणि चाकू हळूहळू फिरवा. तरीही वाचता येत नसेल तर ठशावर किंचित टाल्कम पावडर बोटाने चोळा आणि वरची पुसा, अक्षरांच्या खोबणीत पांढरी रेघ उरते. नंतर ती कोरड्या ब्रशने निघते.

वाचलेलं जसंच्या तसं लिहा. ओळी कुठे तुटतात, टिंब आहे का, अक्षरं कमानीत आहेत की सरळ, हे सगळं टिपा. ज्याचा अर्थ कळत नाही ते आधी लिहा, कारण तेच पुढे उपयोगी पडतं.

तपासणी: टँग किती? प्रत्येकाच्या दोन बाजू धरल्या तर तुमच्या वहीत तेवढ्या ओळी आहेत का? "कोरी" हीसुद्धा नोंद आहे.

## 4. ठशांतून दोन टोकं काढणं

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारायचा: ही खूण "यानंतरचा" सांगते की "याआधीचा"?

देशाचं नाव. ब्रिटनच्या 1887 च्या कायद्यामुळे परदेशी मालावर मूळ देश लिहिणं भाग पडलं. अमेरिकेत 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने तेच झालं आणि 1891 पासून लागू झालं. म्हणून "इंग्लंड" किंवा "जर्मनी" असं देशाचं नाव ठोकलेला चाकू साधारणपणे या काळानंतरचा धरतात. देशाचं नाव नसणं मात्र काहीच सिद्ध करत नाही. घरच्या बाजारासाठी केलेल्या मालावर ते नसायचंही. "वेस्ट जर्मनी" असेल तर काम सोपं आहे: 1949 ते 1990. "ऑक्युपाइड जपान" असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर 1952 पर्यंत.

राजाची अक्षरं. इंग्लंडमधल्या शेफिल्ड या चाकूंच्या गावच्या मालावर मुकुटाच्या दोन बाजूंना "व्ही" आणि "आर" अशी अक्षरं दिसतात, ती व्हिक्टोरिया राणीची. तिचा काळ 1837 ते 1901. "जी आर" वर मात्र एकट्यावर विसंबू नका. जॉर्ज नावाचे राजे अनेक झाले आणि नेमका कोणता हे अक्षरांवरून कळत नाही.

"स्टेनलेस". हॅरी ब्रेअर्लीने शेफिल्डमध्ये गंज न धरणारं पोलाद काढलं ते 1913 साली. त्यामुळे स्टेनलेस किंवा त्याच अर्थाचे इनॉक्स (फ्रेंच), रोस्टफ्राय (जर्मन) यांपैकी कोणताही शब्द असला की चाकू एकोणिसाव्या शतकातला नाही, हा वाद तिथेच मिटतो. व्हिक्टोरिनॉक्स हे नावच "व्हिक्टोरिया" आणि "इनॉक्स" जोडून झालं, 1921 मध्ये ते पोलाद वापरायला घेतल्यावर. नुसतं "व्हिक्टोरिया" हे नाव 1909 पासूनचं. मग अख्खं "व्हिक्टोरिनॉक्स" लिहिलेला चाकू 1921 च्या आधीचा कसा असेल?

अवजारंही साल सांगतात. बाटलीचं पत्र्याचं बूच 1892 च्या पेटंटमधलं, म्हणून ते काढायचं अवजार त्याच्याही नंतरचं. अधिक खुणेचा, म्हणजे फिलिप्स स्क्रू बाजारात रुजला तो 1936 च्या सुमारास. त्या स्क्रूसाठी टोक असलेला चाकू पहिल्या महायुद्धातला म्हणून कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

कोरलेला मजकूर. "वाढदिवसाची भेट", निवृत्तीची तारीख, एखाद्या पलटणीचं नाव. ही सगळी "याआधीचा" खूण आहे: चाकू कोरलेल्या तारखेआधी तयार झालेला असतो. पण तो किती आधी तयार झाला हे त्यातून कळत नाही. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला चाकूही भेट दिला जातो.

मोजायचे ठिपके. अमेरिकेतल्या "केस" नावाच्या चाकू कंपनीची पद्धत नवख्यांना फसवते. 1970 मध्ये ठशाखाली दहा ठिपके होते आणि दर वर्षी एक कमी होत गेला. 1980 ला परत दहा आले, पण नावातलं "एस" अक्षर विजेसारखं तिरकं झालं. त्यामुळे आधी अक्षराचा आकार, मग ठिपके. आणि ठिपके भिंगाखालीच मोजा. एक ठिपका घासून गेला की चाकू एक वर्षाने धाकटा होतो.

## 5. स्विस चाकू: मोजमाप आणि बारकावे

लाल मुठीवर पांढरा क्रूस दिसला की सगळे व्हिक्टोरिनॉक्स म्हणतात. आधी क्रूसाची चौकट बघा. ढालीचा आकार असेल तर व्हिक्टोरिनॉक्स, कोपरे गोल केलेला चौकोन असेल तर वेंगर ही दुसरी स्विस कंपनी. मग बंद चाकू मोजा. व्हिक्टोरिनॉक्सची नेहमीची मापं 58, 84, 91 आणि 111 मिलिमीटर, वेंगरची 65 आणि 85. 84 आणि 85 मधला फरक अंदाजाने सांगता येत नाही, तिथे व्हर्नियर लागतोच.

डबा उघडून बघितलंत तर आणखी खात्री पटते. व्हिक्टोरिनॉक्सची चोच पुढे ढकलत कापते, वेंगरची उलट्या दिशेने. वेंगरच्या कात्रीच्या धारेवर बारीक दाते असतात आणि व्हिक्टोरिनॉक्सच्या कात्रीत छोटी पातळ स्प्रिंग डोळ्यांना दिसते. व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर 2005 साली विकत घेतली आणि 2013 मध्ये वेंगरचे चाकू आपल्या नावाखाली आणायचं ठरवलं. म्हणजे वेंगरच्या ठशाला वरचं टोक आयतंच मिळतं.

91 मिलिमीटरच्या चाकूत पाठीकडे सामान उचलायचा छोटा आकडा असेल तर तो 1991 किंवा नंतरचा. अवजारांनी गच्च भरलेला, पकड आणि भिंग असलेला स्विसचँप 1985 चा. ठशांमध्ये "स्वित्झर्लंड" हा शब्द जुना, "स्विस मेड" अलीकडचा.

एक उदाहरण करून बघू. 91 मिलिमीटरचा चाकू, ढालीतला क्रूस, मोठ्या पात्यावर "व्हिक्टोरिनॉक्स", "स्वित्झर्लंड" आणि "रोस्टफ्राय", पाठीला आकडा, मुठीवर कोरलेलं "1998". "रोस्टफ्राय" म्हणजे 1913 नंतर, नाव म्हणजे 1921 नंतर, आकडा म्हणजे 1991 नंतर. यांतलं सगळ्यात नवं 1991, तेच खालचं टोक. कोरलेलं साल वरचं टोक देतं. उत्तर: 1991 ते 1998. जुना "स्वित्झर्लंड" ठसा याच्याशी जुळतो, म्हणून शंका उरत नाही. तो जुळला नसता तर सातव्या पायरीकडे जायला हवं होतं.

इशारा: लाल प्लॅस्टिकच्या पाट्या या चाकूवर दाबून बसवलेल्या असतात आणि सहज बदलता येतात. मुठीच्या रंगावरून किंवा छापील जाहिरातीवरून कधीही साल ठरवू नका. कोरलेला मजकूरही त्याच पाटीवर असतो, तेव्हा पाटी मूळची आहे की नाही हे आधी बघा.

## 6. लष्करी चाकू

यांच्यावर साल ठोकलेलं असतं म्हणून ते सोपे वाटतात, आणि तिथेच गफलत होते.

स्विस सैनिकाचा 1961 चा नमुना अल्युमिनियमच्या मुठीचा, 93 मिलिमीटरचा. त्याच्या मोठ्या पात्याच्या टँगवर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. "65" म्हणजे 1965, तो मॉडेल नंबर नाही आणि मापही नाही. हा नमुना 2008 मध्ये नवा येईपर्यंत चालला, त्यामुळे 61 ते 99 आणि 00 ते 08 एवढेच आकडे शक्य आहेत. दुसरा आकडा दिसला तर परत भिंग लावा. मूठ लाल अल्युमिनियमची असेल तर सुरुवातीच्या वर्षांतला नमुना आहे. हौशी ग्राहकांसाठी विकलेल्या अल्युमिनियमच्या प्रत्येक चाकूवर साल असतंच असं नाही, तेव्हा ते न दिसल्याने चाकू खोटा ठरत नाही.

आपल्याकडे जास्त सापडतो तो ब्रिटिश सैन्याचा घडीचा चाकू: काळी खडबडीत मूठ, एक जाड पातं, डबा उघडायची चोच, दोर सोडवायची जाड सुई आणि टोकाला कडी. दुसऱ्या महायुद्धात भारतीय पलटणीही याच सरकारी सामानावर लढल्या, त्यामुळे सातारा-कोल्हापूरकडच्या फौजी घरांत तो आजही निघतो. त्यावर शेफिल्डच्या कारखान्याचं नाव, साल आणि सरकारी मालकीचा बाण असतो. बाण कोणत्या अक्षरासोबत आहे ते बघा. "सी" अक्षराच्या आत असेल तर कॅनडा, दोन "डी"च्या मध्ये असेल तर ऑस्ट्रेलिया, "यू"मध्ये असेल तर दक्षिण आफ्रिका, "आय"सोबत असेल तर भारत. युद्धानंतरच्या अख्ख्या स्टेनलेस चाकूंवर तेरा आकड्यांचा साठा क्रमांक येतो. त्यातले पाचवा आणि सहावा आकडा देशाचे, ब्रिटनचे 99.

अमेरिकी सैन्याचा चार अवजारांचा पोलादी चाकू मुठीवरच्या "यू एस"ने ओळखता येतो. कॅमिलस कंपनीच्या चाकूंवर नावाखाली पूर्ण साल असतं. ही कंपनी 2007 मध्ये बंद पडली.

तपासणी: ठशाचा तळ बघा. ठसा कारखान्यात, पातं तयार होतानाच पडतो, म्हणून त्याच्या तळाला आजूबाजूच्या पात्याइतकाच काळपटपणा असायला हवा. पातं काळं आणि ठशाचा तळ उजळ असेल, किंवा अक्षरांच्या कडेला धातू उचललेला बोटाला लागत असेल, तर तो ठसा नंतर ठोकलेला आहे.

## 7. सगळे भाग एकाच चाकूचे आहेत का

दोन मोडके चाकू जोडून एक विकायची पद्धत जुनीच आहे. बंद चाकू पाठीकडून प्रकाशासमोर धरा. स्प्रिंग आणि पत्र्यांमधून उजेड एकसारखा यायला हवा, एकाच जागी फट असेल तर तिथलं काहीतरी उघडलेलं आहे. रिबिटांची डोकी भिंगाखाली बघा. एक गुळगुळीत आणि दुसरं हातोडीच्या ताज्या मारांचं, असं दिसलं की दुरुस्ती झालेली आहे. प्रत्येक पातं आपल्या खाचेत पूर्ण बसतंय का, टोक वर येतंय का? धार लावून लावून पातं इतकं झिजलेलं असतं की मूळ आकारच कळत नाही, आणि तसा चाकू संग्रहासाठी घ्यायचा तर ते माहीत असून घ्या. खटका ऐका. सगळी अवजारं जवळपास सारख्या जोराने बंद व्हायला हवीत.

आणि ठशांमध्ये विसंगती असेल, मोठं पातं 1950 चं वाटतंय आणि करवत 1990 ची, तर मधलं साल काढून सरासरी करू नका. चाकू जोडलेला आहे, तेच लिहा.

## 8. नोंद

एका चाकूला एक कार्ड. कारखाना, माप, अवजारांची यादी, प्रत्येक टँगवरचा मजकूर, खालचं टोक आणि त्याचं कारण, वरचं टोक आणि त्याचं कारण, कुठून मिळाला, काय बदललंय. कारण लिहिलं नाही तर पाच वर्षांनी नवी माहिती हातात आल्यावर नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट लिहायला हरकत नाही, पण "विक्रेत्याच्या सांगण्यानुसार" असं वेगळ्या ओळीत.

## 9. आता साफसफाई, आणि पावसाळा

कोरडा ब्रश, बांबूच्या काडीने फटीतला मळ, मग तेलात किंचित भिजवलेलं कापड. बस. पात्यावरचा एकसारखा राखाडी-काळसर थर राहू द्या, तो गंज नाही. लाल भुकटी सुटणारा गंज मात्र तेल लावून काडीने खरवडायचा. पितळी पत्र्यावरचा हिरवा कळंकही काडीनेच. खोबरेल वापरू नका, ते खवट होऊन चिकटतं आणि धूळ धरतं.

सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या मुठी वेगळ्या डब्यात ठेवा. मूठ कापडाने जोरात घासली आणि कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची समजा. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका, सेल्युलॉइड भप्कन पेटतं. ते कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या चाकूंची पातीही गंजतात. तडे, घाम फुटल्यासारखा ओलसरपणा किंवा जवळच्या धातूवर अचानक गंज दिसला की त्या दिवशीच बाकीचे चाकू बाजूला काढा.

चामड्याच्या म्यानात चाकू ठेवणं ही दुसरी मोठी चूक. कमावलेल्या चामड्यात आम्ल आणि क्षार असतात, ते कोकणातल्या दमट हवेत तर फार लवकर पातं खातात. म्यान जपा, पण वेगळं. चाकू सुती कापडात, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. जूनच्या आधी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा सगळे उघडून, पुसून, तेलाचा हात फिरवा. पुड्या रंग बदलणाऱ्या असतील तर त्याच वेळी वाळवून घ्या.

बाजारात नेताना किंवा प्रवासात चाकू खिशात बाळगू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली सणासुदीला मनाईचे आदेश निघतात तेव्हा चाकू जवळ बाळगणंही त्यात येतं. विमानात तो फक्त चेक-इन सामानात, नीट गुंडाळून. हातातल्या पिशवीत राहिला तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि तो परत मिळत नाही.